फॉइल, ओव्हन आणि घरातील अग्नी

डिसेंबर महिन्यात अहिल्यानगरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चोविहार पाळणाऱ्या घरांत त्यामुळे साडेपाचची वेळ फार घाईची असते. दुकानातील मंडळी वर आलेली असतात, मुले शिकवणीहून परतत असतात. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा आणि ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह, अशी सर्व बाजूंनी लगबग चाललेली असते. अशा एका घराचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. सकाळी डब्यासाठी कागदी रुमालात आणि त्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेले चार पराठे उरले आहेत. सासूबाई म्हणतात, "अगं, दहाच मिनिटे राहिली आहेत. तसेच गरम करून वाढ." सूनबाई ती पुडी जशीच्या तशी यंत्रात ठेवते आणि बटण दाबते. काही क्षणांत आतून तडतड आवाज येतो, निळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडतात, कागदी रुमाल धुमसू लागतो. घाबरून ती दार उघडते आणि धुमसणारा कागद भडकतो.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी त्यातील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. त्यात दोन चुका आहेत. पहिली चूक फॉइल आत ठेवण्याची, ती माहितीच्या अभावामुळे झाली. दुसरी चूक दार उघडण्याची, ती भीतीमुळे झाली. पहिली चूक निस्तरता आली असती. दुसरीने संकट वाढवले. स्वयंपाकघरातील बहुतेक आगींची कथा या दोन चुकांभोवतीच फिरते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करणे योग्य ठरते.

व्यापारी जैन कुटुंबांत ओव्हन येण्यामागे केवळ हौस नव्हती. बाजारातील केकमध्ये अंडे असेल की नसेल, ही शंका कायमची मिटवावी म्हणून अनेक घरांनी बिनअंड्याचा केक घरीच करायला आरंभ केला. पाठोपाठ नानकटाई, बाटी, हांडवो, पनीरचे पदार्थ आले. यंत्र आले, पाककृती आल्या, रुपेरी कागदाची गुंडाळीही आली. यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र बहुधा खोक्यातच राहिली.

फॉइल जळत नाही. मग आग कशाची?

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. घरगुती ओव्हन साधारण २५० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे साध्या ओव्हनच्या उष्णतेने फॉइल पेट घेत नाही आणि वितळतही नाही. घरातील फॉइलची जाडी दहा-वीस मायक्रॉनच्या आसपास असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतकी पातळ असूनही ती धातूच असते, आणि धातूचे सर्व गुण तिच्यात असतात. ती उष्णता परावर्तित करते, वीज वाहून नेते आणि हवेची वाट अडवते.

आग लागते ती फॉइलच्या सोबतीला असलेल्या वस्तूंना. कागद, तूप, तेल, प्लॅस्टिक, पिठाचे कण आणि कापड हे खरे इंधन. फॉइल चुकीच्या ठिकाणी असली, की उष्णता किंवा वीज या इंधनापर्यंत पोहोचते. एवढे एक सूत्र ध्यानात राहिले, तर पुढील सर्व नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

एक जुनी शंकाही येथेच दूर व्हावी. फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवावी की बाहेर, यावर घराघरांत मतभेद असतात. कारखान्यात शेवटच्या टप्प्यावर दोन पत्रे एकत्र लाटले जातात. गुळगुळीत रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना चिकटलेल्या बाजू मंद राहतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने साध्या फॉइलच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत. काळजी घ्यायची ती बाजूची नव्हे, जागेची.

एकाच पेटीत तीन यंत्रे

आज अनेक घरांत जो 'कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह' दिसतो, तो वस्तुतः तीन यंत्रांचा एकत्र संसार आहे. पहिले यंत्र सूक्ष्मलहरींचे, दुसरे ग्रिलचे, तिसरे तापलेली हवा पंख्याने खेळवणारे. दार एक, बटणे शेजारी-शेजारी आणि फॉइलविषयीचे नियम मात्र परस्परविरुद्ध. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

सूक्ष्मलहरींचा उगम दुसऱ्या महायुद्धातील रडारमध्ये आहे. रडारच्या मॅग्नेट्रॉन नळीने अन्न शिजवता येते हे अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंता पर्सी स्पेन्सर यांनी ओळखले आणि १९४५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. या लहरी अन्नातील पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि अन्न तापते. काच, चिनी माती यांच्यातून त्या आरपार जातात. धातूवरून मात्र त्या परततात आणि धातूच्या पृष्ठभागात विद्युतप्रवाह निर्माण करतात. चुरगळलेल्या फॉइलला असंख्य टोके आणि घड्या असतात. अशा टोकांशी विद्युतदाब एकवटतो, मधली हवा भेदली जाते आणि ठिणगी पडते. ठिणगीजवळ कागद किंवा तूप असले, की ज्वाळा दूर नसते.

म्हणून सूक्ष्मलहरी चालू असताना फॉइल आत नको. फॉइलचे आतून अस्तर असलेली पार्सलची पाकिटे, सोनेरी वा रुपेरी कडांची ताटे, स्टीलचा डबा, पिना टोचलेला कागद, हेही नको. मिठाईवरील वर्ख अनेक जैन घरांत अन्य कारणाने वर्ज्य असतो; ज्या घरांत तो चालतो, त्यांनी वर्ख लावलेली बर्फी सूक्ष्मलहरींत गरम करू नये, कारण तोही धातूच आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत फॉइलचा लहान, गुळगुळीत तुकडा विशिष्ट अंतर राखून वापरण्यास मुभा दिलेली आढळते. परंतु ज्या घरात तीन पिढ्यांचे हात एकाच यंत्राला लागतात, तेथे अपवादापेक्षा सरळ नियम बरा.

तेच यंत्र केवळ 'कन्व्हेक्शन'वर चालवले, तर सूक्ष्मलहरी बंद असतात. तेव्हा धातूचे केकपात्र आणि नीट बसवलेली फॉइल सामान्यतः चालते. मात्र 'कॉम्बी' या मिश्र पद्धतीत तापलेल्या हवेबरोबर सूक्ष्मलहरीही येतात, आणि यंत्राने स्वतःच ठरवलेल्या 'ऑटो कुक' पाककृतींत त्या केव्हा सुरू होतील हे बाहेरून कळत नाही. या दोन्ही ठिकाणी फॉइल टाळावी. यंत्रासोबत मिळालेली तारेची उंच जाळी कोणत्या पद्धतीत वापरायची, हेही पुस्तिकेत पाहून घ्यावे; ती सरसकट सर्वत्र चालत नाही.

आणखी एक बारकावा आहे. सकाळी एकीने 'कन्व्हेक्शन'वर केक केला आणि फॉइलने झाकलेले भांडे आतच राहिले. दुपारी दुसरीने दूध गरम करायला यंत्र उघडले आणि घाईत भांडे मागे सरकवून बटण दाबले. दोघींपैकी कोणाचीच कृती स्वतंत्रपणे चुकीची वाटत नाही. तरी ठिणगी उडते. काम संपताच यंत्र रिकामे करून ठेवण्याची शिस्त यासाठी असावी.

ओटीजीमध्ये फॉइल कोठे असावी, कोठे नसावी

ओटीजीमध्ये सूक्ष्मलहरी नसतात. वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या असतात, म्हणून तेथे फॉइल निषिद्ध नाही. केकचा वरचा भाग लवकर तांबूस होऊ लागला, तर फॉइलचा सैल तुकडा वर ठेवणे ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. ताटलीत फॉइल अंथरून त्यावर बाट्या मांडल्या, तरी हरकत नाही. फक्त फॉइलच्या कडा भांड्याच्या काठाखाली घट्ट दुमडलेल्या असाव्यात आणि वरच्या कांडीपासून किमान दोन इंच अंतर राहावे. केक फुगतो, हे अंतर ठरवताना लक्षात घ्यावे. भांडे खालच्या कप्प्यात ठेवणे सुरक्षित.

चूक होते ती स्वच्छतेच्या हौसेपोटी. तळ खराब होऊ नये म्हणून ओव्हनच्या तळाशी किंवा कण गोळा होणाऱ्या ट्रेवर फॉइल पसरली जाते. त्यामुळे खालच्या कांडीची उष्णता कोंडून तिच्याकडेच परतते. कांडी अपेक्षेपेक्षा अधिक तापते, आतील तापमान असमान होते आणि थर्मोस्टॅटचा अंदाज चुकतो. फॉइल कांडीला टेकली, तर तेथे तीव्र उष्णतेचा ठिपका तयार होऊन कांडी निकामी होऊ शकते. संपूर्ण जाळी फॉइलने झाकणेही तितकेच अयोग्य, कारण हवा फिरण्याची वाट बंद होते. तळ स्वच्छ राहावा असे वाटत असेल, तर ओव्हन थंड झाल्यावर ट्रे काढून पुसावा. त्याला पर्याय नाही.

तो ट्रे हेच ओटीजीतील आगीचे खरे घर आहे. तुपात माखलेली बाटी, लोण्याने ओथंबलेली नानकटाई, वितळून गळणारे चीज यांचे थेंब खाली पडतात. महिनाभराचे थेंब आणि पिठाचे कण एकत्र आले, की तापलेल्या कांडीला आयते इंधन मिळते. एरवी ज्या हातांनी रोजमेळ रोजच्या रोज लिहिला जातो, त्याच हातांनी हा ट्रेही प्रत्येक वापरानंतर रिकामा करावा. थकबाकी साठू देणे तेथेही महागात पडते.

कागदाविषयीही स्पष्टता हवी. बाजारात 'बटर पेपर' या एकाच नावाखाली वेगवेगळे कागद विकले जातात. मेण लावलेला कागद ओव्हनमध्ये चालत नाही. भाजण्यासाठीच्या कागदावर किती अंशांपर्यंत वापरावा ते छापलेले असते, आणि तो आकडा पुष्कळदा २२० च्या जवळपास असतो. छापील मर्यादा नसलेला कागद आणि वर्तमानपत्र ओव्हनपासून दूर असावेत. 'एअर फ्रायर' असलेल्या घरांनी एवढे पाहावे, की सुटी फॉइल किंवा सुटा कागद त्यातील पंख्याच्या झोताने उडून कांडीला चिकटू शकतो. वर अन्नाचे वजन नसताना तो आत ठेवू नये.

फॉइलमध्ये बंद केलेला पदार्थ उघडतानाही सावधगिरी हवी. आत कोंडलेली वाफ पहिल्या फटीतून बाहेर येते. पुडी चेहऱ्यापासून दूर धरून पलीकडच्या बाजूने उघडावी. चिंच, लिंबू, टोमॅटो, दही आणि लोणचे यांना फॉइलचा सहवास सोसत नाही. आंबट आणि खारट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमला खातात, फॉइलला बारीक छिद्रे पडतात आणि धातूचा अंश अन्नात उतरतो. निरोगी मूत्रपिंडे त्याचा बहुतांश बाहेर टाकतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी अधिक जपावे. प्रवासाच्या डब्यात लोणच्यासाठी लहान काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाची स्टीलची डबी बरी.

शेगडीभोवतीचा रुपेरी थाट

अलीकडे शेगडीच्या बर्नरभोवती पसरण्यासाठी फॉइलचे कापलेले तुकडे आणि मागच्या भिंतीवर चिकटवण्यासाठी रुपेरी शीट विकल्या जातात. दिसायला स्वच्छ, पुसायला सोपे. परंतु बर्नरला ज्योतीसाठी हवा लागते. फॉइलने हवेची वाट अडली, की निळी ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. भिंतीवरील अनेक शीट वरून धातूसारख्या दिसतात. आत प्लॅस्टिकचा थर आणि मागे चिकटद्रव्य असते. ज्योतीपासून वीतभर अंतरावर असे आवरण लावणे म्हणजे भिंतीलाच इंधन देणे होय. साधी टाइल आणि साबणाचे पाणी यांना अद्याप तोड नाही.

सिलिंडरविषयीच्या गोष्टी बहुतेकांना ऐकून माहीत असतात. पाळल्या मात्र थोड्या जातात. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर उभा आणि शेगडीच्या पातळीखाली असावा. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद असावा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. पहिले अक्षर मार्चअखेरची तिमाही, दुसरे जूनअखेरची, तिसरे सप्टेंबरअखेरची आणि चौथे डिसेंबरअखेरची. ती फेरतपासणीची मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये, पंखाही लावू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

एक छोटा गुणाकार-भागाकार

व्यापारी घरात आकडेमोड नवी नसते. ती एकदा विजेच्या प्लगसाठीही करावी. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १,५०० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. २,००० वॅटचा जवळजवळ पावणेनऊ. भिंतीवरील लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. म्हणजे त्यात ओव्हन लावला, की क्षमतेपेक्षा अधिक उधारी दिली गेली. त्याच बोर्डावर मिक्सर आणि पाण्याची किटली आली, तर वसुलीची वेळ फार लांब नसते. ओव्हनसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र मोठा प्लग हवा. लहान-मोठा प्लग जुळवणारा अडॅप्टर आणि पातळ वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड नको.

अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची संरक्षक उपकरणे, म्हणजे स्विचगिअर, कित्येक वर्षे तयार होत आली आहेत. त्याच शहरातील एखाद्या जुन्या वाड्यात आजही वितळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली जाते, हा विरोधाभास दूर व्हायला हवा. योग्य क्षमतेचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. तथापि सैल प्लगमध्ये होणारी उष्णता एमसीबीला नेहमी कळतेच असे नाही. वापरानंतर प्लग हाताला गरम लागला, त्याचा रंग बदलला किंवा जळका वास आला, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

आग लागलीच तर

ओव्हन किंवा मायक्रोवेव्हच्या आत ज्वाळा दिसल्या, तर दार बंदच ठेवावे. भिंतीवरील बटण बंद करावे. आतील हवा मोजकी असते. प्राणवायू संपला की आग आपोआप विझते. दार उघडणे म्हणजे तिला हवा पुरवणे. काचेतून कितीही भयंकर दिसले, तरी यंत्र पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय ते पुन्हा लावू नये. विजेच्या यंत्रावर पाणी कदापि टाकू नये.

कढईतील तेल पेटले, तर पहिले काम गॅस बंद करण्याचे. दुसरे, कढईवर मोठे झाकण, परात किंवा ताट बाजूने सरकवत ठेवण्याचे. मग ते उचलून पाहण्याचा मोह आवरावा. तेल थंड होण्यास बराच वेळ लागतो. पेटलेल्या तेलात पाणी टाकणे सर्वांत घातक. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते आणि तत्क्षणी वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगते; जळते तेल छतापर्यंत उडते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे नेणे हीदेखील तितकीच मोठी चूक. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत बेसनाचा डबा हाताशी असतो. पण आगीवर बेसन, मैदा किंवा कोणतेही पीठ फेकू नये, पिठाचे उडते कण स्वतःच पेट घेतात. लहान ज्वाळेवर खाण्याचा सोडा चालतो. शेगडीचे बटण ज्वाळेच्या पलीकडे असेल, तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. तोही आवाक्यात नसेल, तर घर सोडावे.

आयएसआय चिन्ह असलेले एबीसी पावडरचे लहान अग्निशामक नळकांडे प्रत्येक घरात असावे. ते शेगडीच्या वर नव्हे, तर स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगावे. आगीकडे जाऊन उपकरण काढावे लागले, तर त्याचा उपयोग काय? काट्याची सुई हिरव्या भागात आहे ना, हे अधूनमधून पाहावे. वापरताना पाठ दाराकडे असावी आणि कढईवर अगदी जवळून झोत मारू नये, तेल उडते.

अंगावरील कपड्याने पेट घेतला, तर धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर लपेटावी. भाजल्यास जखम वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये आणि डॉक्टरांकडे जावे. शेगडीपुढे उभे राहताना पदर खोचलेला आणि कपडे शक्यतो सुती असावेत, हा आजीचा नियम आजही तितकाच खरा आहे.

खाली दुकान, वर घर

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात नेवासा फाटा येथे फर्निचरच्या एका दुकानाला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि तेथेच राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. ती आग स्वयंपाकघरातील नव्हती. तरीही ती घटना आठवल्यावाचून व्यापारी कुटुंबाने आगीचा विचार पूर्ण झाला असे मानू नये. मुंबईत कुर्ला येथील 'सिटी किनारा' उपाहारगृहात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी गॅसमुळे आग लागली, तेव्हा आठ जणांचा अंत झाला. पोटमाळ्यावर जेवायला बसलेल्या तरुणांना खाली उतरण्याची वाट उरली नव्हती. अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी लागलेली, दहाहून अधिक रुग्णांचे प्राण घेणारी आगही शहर विसरलेले नाही. कारणे वेगवेगळी, पण वेळेवर बाहेर पडता येणे हाच प्रत्येक ठिकाणी जीवन-मरणाचा प्रश्न होता. ज्वाळेपूर्वी धूर पोहोचतो आणि तो झोपेतही गाठतो.

कापड बाजार, आडते बाजार, डाळ मंडई येथील आणि तालुक्याच्या गावांतील अनेक घरे दुकानाच्या वर आहेत. जिना एक, तोही मालाच्या गठ्ठ्यांनी अर्धा भरलेला. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली मोठ्या बाबांच्या कपाटात. खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाड गज. चोरापासून केलेला हा बंदोबस्त आगीच्या वेळी घरच्यांनाच कोंडतो. जिना मोकळा असावा. गच्चीच्या दाराची किल्ली दाराजवळच असावी. एका खिडकीचा गज आतून उघडता येणारा असावा. धूर दिसताच वाकून, जमिनीलगत चालत बाहेर यावे, दार मागे ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन बाहेर आल्यावर करावा. तिजोरी, वही, दागिने यांसाठी परत जाऊ नये. पैसा पुन्हा मिळतो, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक?

विम्याच्या कागदाची धूळ झटकावी

पैसा पुन्हा मिळण्याची सोय मात्र आगीपूर्वी करावी लागते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्यात इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. दुकान आणि माल यांना ती लागू नाही. त्यासाठी ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. घर आणि दुकान एकाच इमारतीत असले, तरी विम्याच्या दृष्टीने ती दोन खाती आहेत. बँकेच्या कर्जासाठी घेतलेली जुनी पॉलिसी आजच्या मालाच्या किमतीला पुरते का, हेही तपासावे. घरगुती गॅसच्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी सामूहिक विमा घेतलेला असतो. परंतु मालमत्तेच्या हानीची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच मिळते. घरचा सिलिंडर दुकानात चहासाठी नेण्याची सवय म्हणूनच दुहेरी धोक्याची.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. व्यापारी वर्षाचा ताळेबंद नुकताच मिटलेला असतो. त्याच आठवड्यात घरानेही एक तासाचा वार्षिक हिशेब करावा. गॅसची नळी, सिलिंडरची मुदत, ओव्हनचा प्लग, अग्निशामकाची सुई, गच्चीची किल्ली, विम्याची तारीख, या सहा नोंदी पाहाव्यात. सर्वांत लहान मुलाकडून १०१ हा क्रमांक पाठ करून घ्यावा.

जैन घरांत 'जयणा' हा शब्द मुलांच्या कानांवर बालपणापासून पडतो. पाणी गाळताना, धान्य निवडताना, विस्तव पेटवताना जीव जपून वागावे, असा त्याचा साधा अर्थ. विस्तवाशी जयणा पाळणे म्हणजे तो आवश्यक तेवढाच पेटवणे आणि पेटलेला असेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवणे. रुपेरी बटणांच्या यंत्रालाही हा नियम लागू आहे. ओव्हनच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात: बटण दाबण्यापूर्वी पद्धत पाहा. सूक्ष्मलहरींत धातू नको. ट्रे रोज रिकामा करा. आत आग दिसली, तर दार उघडू नका.

उद्या सूर्यास्ताला दहाच मिनिटे उरली असतील, तेव्हाही त्या चार ओळी वाचायला वेळ पुरेल. पराठे पुडीतून काढून ताटात ठेवायला तर त्याहूनही कमी वेळ लागतो.